व्यवसाय सल्लागार नेमण्यापूर्वी आणि नेमल्यानंतर

11 डिसेंबर 2022 या एकाच दिवशी मोपाच्या विमानतळाचे आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. 5 जानेवारी 2023 पासून मोपाहून प्रवासी विमाने सुटू लागली. इकडे डिचोलीच्या खनिज पट्ट्याचा लिलावही त्याच डिसेंबरात झाला. तेव्हापासून पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत धंद्याची बोलणी वाढली आहेत. कुणाला घराच्या वरच्या मजल्यावर होमस्टे काढायचा आहे, कुणाला काजूगराचे पॅकिंग करायचे आहे, तर कुणी ट्रक विकून दोन टॅक्सी घेण्याच्या विचारात आहे. अशा घरांकडे हल्ली सल्लागारही येऊ लागले आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या चहाला सभासद हमखास विचारतात की सल्लागार नेमावा का, नेमला तर पैसे किती द्यावेत आणि त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे. त्या प्रश्नांसाठी हा लेख आहे.

सुरुवात 'सल्लागार' या शब्दापासून करू. चार्टर्ड अकाउंटंट म्हणवून घ्यायला 1949 च्या कायद्याखाली परीक्षा आणि सभासदत्व लागते. वकिलाला सनद लागते. 'बिझनेस कन्सल्टंट' अशी पाटी लावायला मात्र काहीच लागत नाही. तुम्ही, मी, कुणीही उद्या ती लावू शकतो. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरच्या शब्दापेक्षा तो माणूस नेमके कोणते काम करतो ते पाहावे. आपल्याकडे या नावाखाली तीन निरनिराळी माणसे फिरतात. एक परवाने आणि नोंदण्या करून देतो. दुसरा बँकेसाठी प्रकल्प अहवाल तयार करतो. तिसरा खरोखर धंद्याचा विचार करतो, म्हणजे गिऱ्हाईक कोण, दर किती, माणसे किती, पैसा कुठे अडकतो. पहिल्या दोघांचे काम साधे असते आणि त्याची फी कमी असायला हवी. तिसरा क्वचित भेटतो. अडचण येते ती पहिल्याचे काम करून तिसऱ्याची फी घेणाऱ्याची.

पहिल्या प्रकारची बरीच कामे घरबसल्या, फुकट होतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. तरी तिच्यासाठी पैसे घेणारी, सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळे भरपूर आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अर्जासाठी आपण कुणीही मध्यस्थ नेमलेला नाही, असे खादी आणि ग्रामोद्योग आयोग स्वतःच सांगतो. पैसे मोजण्यापूर्वी पणजीच्या उद्योग भवनात, ईडीसीच्या कार्यालयात किंवा मडगावच्या केंद्र सरकारी लघुउद्योग कार्यालयात एक फेरी मारावी. शेतमालाचा किंवा फळप्रक्रियेचा विषय असेल तर जुन्या गोव्यातील कृषी संशोधन संस्था आणि तिथले कृषी विज्ञान केंद्र आहेच. तिथे लगेच सगळी उत्तरे मिळतील असे नाही, पण सल्लागाराला काय विचारायचे ते तरी कळते.

आधी प्रश्न ठरवा

सल्लागार नेमण्याच्या आधी घरात बसून एक वाक्य कागदावर लिहावे: आपल्याला त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे? 'धंदा वाढवायचा आहे' हा प्रश्न होत नाही. 'आहे त्या चार खोल्यांवर पंचवीस लाखांचे कर्ज काढले तर पावसाळ्यासकट वर्षाचा हप्ता निघेल का?' हा प्रश्न आहे. 'काजूगर सुटा विकण्यापेक्षा डब्यात भरून विकला तर किलोमागे किती सुटतील, आणि तो माल कोण घेईल?' हाही प्रश्न आहे. प्रश्न जितका नेमका, तितकी फी कमी आणि उत्तर उपयोगी.

डिचोलीकरांना वेगळे उदाहरण सांगायला नको. खाणी जोरात होत्या तेव्हा सुर्ल, वेळगे, पाळी, शिरगाव या भागांत घरटी ट्रक आले. बँका कर्ज द्यायला तयार होत्या, फेऱ्यांचा हिशेब बरोबर होता आणि हप्ते फिटत होते. आकडेमोडीत कुठे चूक नव्हती. पण सगळ्या ट्रकांचे गिऱ्हाईक एकच होते. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, तर 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द ठरवल्या आणि 16 मार्चपासून काम पुन्हा बंद झाले. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ता मात्र थांबला नाही. त्या काळी कुणी 'हे एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे कोण?' एवढा एकच प्रश्न विचारला असता आणि त्याला फी घेतली असती, तरी ती महाग पडली नसती. आता होमस्टे आणि टॅक्सीच्या बाबतीत विमानतळाकडे बघून तीच बेरीज पुन्हा मांडली जात आहे. मांडू नये असे नाही. पण हा प्रश्न जो विचारत नाही, त्याला सल्लागार म्हणणे अवघड आहे.

आकडा कुठून आला ते विचारा

अहवाल हातात येतो तेव्हा त्यात रंगीत आलेख असतात, पाच वर्षांचे तक्ते असतात, आणि प्रत्येक वर्षी नफा वाढलेला असतो. तक्ता वाचायला अवघड वाटतो, पण बहुतेक तक्ते एका-दोन आकड्यांवर उभे असतात. ते आकडे शोधावेत.

समजा, वारखंड किंवा नागझरला कुणाच्या घरी चार खोल्यांचा होमस्टे आहे. वर्षाच्या एकूण 1460 खोली-रात्री होतात. सल्लागाराने गृहीत धरले की 60 टक्के भरतील, दर 2500 रुपये. 876 रात्रींचे 21 लाख 90 हजार झाले. बुकिंग संकेतस्थळाचे 15 टक्के कमिशन धरा, सुमारे 3 लाख 28 हजार. दोन माणसांचा पगार 3 लाख 60 हजार, वीज, धुलाई, नाश्ता, दुरुस्ती मिळून 4 लाख 50 हजार. पंचवीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता 41 हजार 500 च्या आसपास, म्हणजे वर्षाला जवळजवळ 5 लाख. सगळे वजा जाता साडेपाच लाख उरतात. घरात आनंद.

आता फक्त 60 च्या जागी 30 लिहा. उत्पन्न 10 लाख 95 हजारांवर येते. कमिशन निम्मे होते, नाश्ता-धुलाईही थोडी कमी होते, ती 3 लाख धरू. पण पगार तोच आणि हप्ताही तोच. वर्षाअखेरीस सव्वादोन लाख खिशातून भरावे लागतात. बाकी एकही आकडा बदललेला नाही. या उदाहरणात ना नफा ना तोटा अशी रेघ सुमारे 39 टक्क्यांवर पडते, वर्षाला 566 रात्री. म्हणून सल्लागाराला सरळ विचारायचे: हे 60 टक्के कुठून आणले? आपल्या परिसरातल्या कुणाच्या वहीतून, की कळंगुट-बागाच्या हॉटेलांवरून? जून ते सप्टेंबरचे किती धरले? याचे उत्तर तो शांतपणे, आधार दाखवून देत असेल तर माणूस कामाचा आहे. 'मार्केट तसेच आहे' असे म्हणाला तर चहा पाजून निरोप द्यावा.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. साठ टक्क्यांच्या स्वप्नात आपण ती रेघ ओलांडली आणि अहवालात तिचा उल्लेखच नाही. बारीक दिसते, पण यावरून अहवाल करणाऱ्याने किती विचार केला ते कळते.

अनुदानाबाबतही तसेच. 'पस्तीस टक्के माफ' असे ऐकवले जाते. वर सांगितलेल्या रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटांना 35 टक्के अनुदान अशी रचना आहे. पण ते पैसे हातात पडत नाहीत. ते तीन वर्षे बँकेत तुमच्या नावे ठेवीसारखे राहतात आणि उद्योग चालू असल्याची पाहणी झाल्यावर कर्जात वळते होतात. मधल्या काळात हप्ता आपणच भरायचा असतो. अर्थात योजनांचे नियम बदलत असतात. अर्ज करण्याच्या दिवशी काय लागू आहे ते बँकेत विचारून घ्यावे.

गोव्याची जमीन त्याला कळते का?

पुण्या-मुंबईचा सल्लागार हुशार असेल, पण आपली जमीन वेगळी आहे. एक-चौदाचा उतारा त्याला वाचता येतो का? उताऱ्यात कुळाचे नाव असेल तर त्याचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक आहे का? कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, असा 1991 चा जमीन वापर कायदा सांगतो. त्या जमिनीवर कॉटेज दाखवणारा अहवाल कितीही सुंदर असला तरी रद्दीच. मोरजी-मांद्रे किनाऱ्यावर कासवांच्या जागांचे आणि सीआरझेडचे निर्बंध आहेत. पाहुण्यांना खोल्या द्यायच्या तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे आधी नोंद लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट घरातली आहे. गोव्याच्या नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण ठेवायची तर दोघांची संमती हवी. भावाभावांत वाटणी झालेली नसेल तर आणखी सह्या आल्या. सल्लागार येतो, घरातल्या पुरुषाशी ओसरीवर दोन तास बोलतो, बाई आतून चहा पाठवते, आणि बँकेत सही करायची वेळ आली की तिला पहिल्यांदा कळते की घर तारण जाते आहे. ही पद्धत बरी नव्हे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही खुळेपणाची आहे. होमस्टे असो वा पापड-लोणच्याचा उद्योग, रोजचे काम बहुधा तिच्याच हातून होणार असते. पहिल्या बैठकीपासून तिने समोर बसावे, आणि खर्चाचा अंदाज तिच्या तोंडून यावा.

सही तुमची

अर्ज सल्लागार भरतो, पण खाली सही आपली असते. तिचे वजन किती, हे पेडण्याने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. मोपा विमानतळाला 28 ऑक्टोबर 2015 रोजी पर्यावरण दाखला मिळाला. पर्यावरण परिणामांचा अहवाल सल्लागार संस्थेने केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 29 मार्च 2019 रोजी न्यायालयाने तो दाखला स्थगित केला. परिसरातील जंगले आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. खरी माहिती देण्याचे कर्तव्य प्रकल्प आणणाऱ्याचे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. 16 जानेवारी 2020 रोजी जादा अटींसह स्थगिती उठली. मधले सुमारे दहा महिने दाखला अडकून राहिला. विमानतळ पेलणाऱ्या सरकारला जे चुकले नाही, ते चार खोल्यांच्या मालकाला कसे चुकेल? बँकेच्या अर्जात उत्पन्न फुगवून लिहिले, जागेचे माप चुकवले, जुने कर्ज लपवले, तर नोटीस आपल्या पत्त्यावर येते. म्हणून सही करण्यापूर्वी अर्जाचे प्रत्येक पान वाचावे. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा पुतण्याला शेजारी बसवून वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करूच नये, मग समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो.

फी

फी विचारायला आपल्याकडे संकोच करतात, विशेषतः सल्लागार ओळखीतून आला असेल तर. 'भाऊ, तुम्ही काय ते बघून द्या' असे तो म्हणतो आणि शेवटी रुसवे होतात. आकडा पहिल्याच दिवशी ठरवावा. जीएसटी धरून की वेगळा, तेही विचारावे. नोंदणीकृत सल्लागार 18 टक्के लावतो. तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही, म्हणजे 50 हजारांची फी 59 हजारांना पडते.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. याचा एक चांगला नमुना सरकारच्याच सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत आहे. तिथे उद्योजकाला हात देणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीला मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे 20 हजार रुपये ठरले आहेत. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर मिळतात, आणि उरलेले उद्योगाच्या नोंदण्या, प्रशिक्षण, उभारणी पार पडल्यावर. ते पैसे योजना देते, उद्योजकाला द्यावे लागत नाहीत. खाजगी कामातही थोडे आगाऊ, थोडे कच्चा अहवाल वाचून चर्चा झाल्यावर आणि मोठा भाग काम पुरे झाल्यावर, असे ठेवता येते.

मंजूर कर्जाच्या टक्केवारीवर फी मागणाऱ्यापासून जरा लांब राहावे. त्याचा फायदा कर्ज मोठे होण्यात असतो, तुमचा ते फिटण्यात. चार्टर्ड अकाउंटंटला तर, काही अपवाद सोडता, निकालावर अवलंबून फी घेण्याची त्यांच्या नियमांप्रमाणे मनाईच आहे. त्यांनी दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर 18 अंकी यूडीआयएन क्रमांक असतो आणि तो इंटरनेटवर कुणालाही तपासता येतो. तो नसेल तर दाखला घेऊ नये.

करारपत्र दोन पानांचे पुरे. प्रश्न कोणता, काय लिहून देणार, कधी देणार, प्रत्यक्ष काम कोण करणार, पैसे कसे, आणि आपली माहिती दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, एवढे त्यात असावे. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार लागू आहे. गावे लहान आहेत, आणि जो तुमचा हिशेब बघतो तो पुढच्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या होमस्टेचाही बघणार असतो.

काम सुरू झाल्यावर

दर जत्रेला आपल्या गावांत नाटक बसते आणि दिग्दर्शक पुष्कळदा बाहेरून येतो. तो तालमी घेतो, उच्चार सुधारतो, कोण कुठे उभा राहील ते सांगतो. पण पाठांतर त्याने करायचे नसते, आणि पडदा उघडतो तेव्हा तो विंगेत असतो. तालमीला निम्मी मंडळी आलीच नाहीत तर दिग्दर्शक कितीही मोठा असो, नाटक पडते. सल्लागाराचे काम याच जातीचे आहे.

आपले पाठांतर म्हणजे आपला हिशेब. दोन वर्षांची विक्री, खर्च, उधारी, बँकेचे पासबुक, आधीची कर्जे हे सगळे त्याच्यापुढे खरे ठेवावे. कित्येक घरांत एक वही दाखवायची आणि एक खरी असते. सल्लागाराला दाखवायची वही दिली तर सल्लाही दाखवायचाच मिळतो. हिशेबच नसेल तर तीन महिने रोज लिहा आणि मग सल्लागार शोधा. पुष्कळदा त्या तीन महिन्यांतच अर्धे उत्तर सापडते. मासळीवरचा खर्च किंवा उधारीचा आकडा असा लिहून समोर आला की घरातलेच म्हणतात, अरे, इथेच तर पैसे जातात.

घरातून त्याच्याशी बोलणारा माणूस एकच ठेवा. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावा, पण सकाळी बाबांनी एक सांगायचे आणि रात्री मुलाने फोनवर दुसरे, असे झाले की अहवाल दोघांनाही नको असलेला येतो. आणखी एक प्रकार मी बऱ्याच घरांत पाहिला आहे. मुलाला वडिलांशी जे बोलायचे धाडस होत नाही ते तो सल्लागाराच्या तोंडून वदवतो. 'बाबा, हे मी नाही, तज्ज्ञ सांगतात की जुने दुकान बंद करा.' वडील गप्प बसतात आणि सल्ला मनातून कायमचा नाकारतात. जुने दुकान चालवायचे की नाही हा बाप-लेकांचा विषय आहे. तो आधी त्यांनी आपसांत मिटवावा. सल्लागाराला बंद करण्याचा खर्च काढायला सांगावे, बंद करा म्हणायला नव्हे.

सल्ला पटला तरी तो आधी लहान करून बघावा. दहा खोल्यांचा अहवाल असेल तर दोन खोल्या एक पावसाळा चालवाव्यात. काजूच्या शंभर डब्यांचा माल काढून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि ओळखीच्या दोन दुकानांत ठेवून पाहावा. जो सल्लागार अशा चाचणीला विरोध करतो आणि 'आत्ताच मोठे करा, नाहीतर संधी गेली' म्हणतो, त्याला घाई का आहे ते शोधावे. बहुधा कुठल्या तरी यंत्रविक्रेत्याकडे किंवा जमीन दलालाकडे त्याचे उत्तर असते.

संबंध संपवताना

सगळ्यात जास्त भांडणे इथे होतात, आणि कारण पहिल्याच दिवशी पडलेले असते. जीएसटी, उद्यम, अन्न परवाना, बुकिंगची खाती या सर्व ठिकाणी मोबाइल क्रमांक आणि ईमेल सल्लागाराचा दिलेला असतो. सोय म्हणून. मतभेद झाले की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि आपल्या धंद्याचे दार आपल्यालाच उघडत नाही. म्हणून प्रत्येक नोंदणीत क्रमांक आणि ईमेल आपलाच द्यावा. परवान्यांसाठी घरातला एक वेगळा ईमेल उघडून पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन सल्लागाराच्या खणात राहू देऊ नये. ती सही कायद्याने तुमचीच धरली जाते.

शेवटचा हप्ता देण्याच्या दिवशी समोरासमोर बसावे आणि अहवालाच्या मूळ फायली घ्याव्यात. त्यात आकडे बदलता येणारे तक्तेही हवेत, नुसती पीडीएफ नको. भरलेल्या सर्व अर्जांच्या पोचपावत्या, शुल्काच्या पावत्या आणि परवान्यांच्या मुदती एका कागदावर लिहून घ्याव्यात. आधीच कुणाच्या खात्यात आपले क्रमांक अडकले असतील तर काम चालू असतानाच, संबंध चांगले असतानाच, ते बदलून घ्यावेत. जीएसटी संकेतस्थळावर हा बदल मालकाला स्वतः करता येतो, पण त्यासाठी एकदा तरी जुन्या क्रमांकावर किंवा ईमेलवर आलेला ओटीपी लागू शकतो.